खालून सांगायचा आकडा

सोमवार, दुपार

प्रिय प्रमिलाबाई,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला होता. पण पत्र असंच सुरू करतात असं शाळेत शिकवलेलं, आणि तुम्हाला दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून राहू दिलं. त्यावर जाऊ नका. आपल्यामधली भिंत एका विटेची आहे. तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की इकडे सासूबाई ‘डाळ व्हयनी’ म्हणतात. तरी मी कागदावर लिहिते आहे, कारण तुमच्यासमोर तोंड उघडलं तर त्यातून काय काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नाही. कागदावर माणूस जरा सावकाश रागावतो.

आधी कामाचं. बुधवारी सकाळी दहाला आपल्या भूमीची मॅच आहे. ‘आपल्या’ सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत नाही. राष्ट्रीय स्पर्धेतली खो-खोची अंतिम फेरी, आणि ती दूरदर्शनच्या खेळाच्या चॅनेलवर दाखवणार आहेत. तिचे पप्पा बघायला तिकडेच गेलेत. घरात मी आणि सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरून उठत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. डोळ्यांचं कदाचित माहीत नसेल. एका डोळ्याचं संपल्यातच जमा आहे, दुसऱ्यावर पडदा येतोय. मोबाइलवरचं माणूस त्यांना मुंगीएवढं दिसतं, आणि मोबाइलला इथे रेंजची एकच काडी, तीही लोखंडी शिडीवर चढल्यावर. कॉम्प्युटरचा पडदा खाटेला लावून ठेवला तर मात्र त्या माणसं ओळखतात. रोज सकाळी डोळे उघडले की त्यांचं एकच असतं: ‘मन्ही भूमीले माले पयतांना दखनं शे. मंग डोया गया तरी चाली.’ दुसऱ्या कुणाच्या घरी त्यांना उचलून नेता येत नाही, आणि डोळा किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तेव्हा त्यांना भूमी दिसायची तर ती बुधवारी, माझ्या कॉम्प्युटरवर. नाहीतर नाहीच.

वाटणीत टीव्ही तुमच्याकडे गेला, कॉम्प्युटर आमच्याकडे आला. त्यावर मी काही बोलले नाही. गच्चीवरची डिशची छत्री एकच, ती तुमच्या बाजूला राहिली. तिच्या डब्याला दोन वायरी लागतात, एक तुमची, एक आमची, एवढं ठरलं. टीम रवाना व्हायच्या आदल्या दिवशी यांनी सुरतेहून ते ट्यूनर कार्ड आणलं. कॉम्प्युटरच्या पोटात बसतं, मागून छत्रीची वायर लागते आणि कॉम्प्युटरचा टीव्ही होतो. दुपारी बसवलं, लगेच चित्र आलं. सासूबाई बातम्या देणारीला बघून म्हणाल्या, ‘केवढी जाडी व्हई गई ही!’ आम्ही तिघं हसलो. हे दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेले. आणि सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर पडदा काळा, मधोमध एक ओळ: सिग्नल कमी आहे.

त्याच सकाळी तुम्ही दूधवाल्या चुडामणला दारात उभं करून जे बोललात ते मला इकडे स्वच्छ ऐकू आलं. ‘कॉम्प्युटरवर टीव्ही दखतंस म्हने! आते मिक्सरवर रेडिओ लावतीन.’ चुडामण हसला. तुम्हीही हसलात. तुमचं हसणं मी किती वर्षं ओळखते. मनापासून हसताना तुम्ही तोंडावर हात धरता, आवाज दाबला जातो. त्या दिवशी हात नव्हता. ते मला ऐकवण्यासाठी होतं.

बरं. मी काही तुमच्या हसण्याने थांबणारी नाही. माझा भाऊ पवन विसरवाडीला हायवेच्या फाट्यावर मोबाइल आणि डिश दुरुस्त करतो. लहानपणी खांडबाऱ्याच्या घरी त्याने बाबांचा रेडिओ उघडून ठेवला म्हणून मार खाल्ला होता, तोच हा. मी शिडीवर चढून त्याला फोन लावायची, तो सांगेल ते लक्षात ठेवायची, खाली उतरून करायची आणि परत चढायची. तो म्हणाला, ‘ताई, पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, त्या वाच. वरची पट्टी म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय. खालची म्हणजे जे येतंय ते कामाचं आहे का. चित्र खालच्या पट्टीवर लागतं.’ वरची निम्म्याच्या आसपास, खालची शून्य. मग एकेक सुरू झालं. कार्ड काढून, पुसून, पुन्हा दाबून बसवलं. वायरीची पिन उघडली तर बाहेरच्या जाळीचा एक केस मधल्या तारेला चिकटलेला; तो कापला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरला खेटून होता, तो सरकवला. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, ‘तू बी डाक्टर व्हई गई वं.’

मग वायर हातात धरून मागे मागे जात राहिले, आणि भिंतीशी येऊन थांबले. भिंत बांधताना तुमच्या गवंड्याने आमची वायर तोडली होती आणि नुसती पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून, विटांच्या फटीत कोंबून दिली होती. माझे जेठ म्हणवणारे भाऊ स्वतः उभे राहून भिंत बांधून घेत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत. पट्टी सोडली तर आत तांबं हिरवं पडलेलं. तेव्हा मला तुमचा इतका राग आला की मी वायर तिथेच सोडून चूल पुसत बसले. मग उठून नीट जोड बसवला. वरची पट्टी सरसर चढली. दुपारी खालचीही आली, चित्र आलं. वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काळं.

हे असं सुरूच राहिलं. सकाळी चित्र नाही, दुपार उतरली की आपोआप चित्र. पवनला सांगितलं तर तो म्हणाला, ‘ताई, वायर सकाळी नापास आणि दुपारी पास असं करत नाही. असं माणूस करतो.’ मी काय समजायचं ते समजले. तुम्हीच सकाळी उठून आमची वायर काढता आणि दुपारी जेवण झालं की लावता. मी चुडामणबरोबर निरोप पाठवला की वायरीला हात लावू नका. तो तुमचा उलट निरोप घेऊन आला: ‘आमनाच टीव्ही सकायले बंद ऱ्हास. तिले सांग, आमनी वायर सोड.’ दूध मोजताना तो बिचारा माझ्याकडे बघत नव्हता. आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की दोन जावा एकमेकींच्या वायरी उपटतात.

पवन मग स्वतः आला. बसने, दुकान बंद ठेवून, पाने-पकडी पिशवीत घालून. आधी त्याने आमच्या वाटणीची गच्ची बघितली, की तिथे दुसरी छत्री बसवता येईल का. तुमची जिन्याची खोली आणि वरची टाकी बरोबर त्याच अंगाला येते जिकडे छत्रीने बघायचं असतं. तो म्हणाला, ‘ताई, तुमच्या तुकड्याला आकाशच कमी आलंय.’ मग तो तुमच्या दाराशी गेला. हात जोडून गेला, हे मी खिडकीतून बघितलं. भाऊ म्हणाले, ‘मन्हा गच्चीवर बाहेरना मानूसना पाय नको.’ बाहेरचा माणूस! भाऊंना ताप भरला होता तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यात याच बाहेरच्या माणसाने सलाइनची बाटली हातात धरून ठेवली होती, स्टँड मोडका होता म्हणून. तुम्ही भाऊंच्या मागे चौकटीला धरून उभ्या होतात. तुम्ही एक शब्द बोलला असता तर तो वर चढला असता. पवन चहासुद्धा न घेता परत गेला. त्या दारात तो पुन्हा यायचा नाही आणि मी त्याला बोलावणारही नाही.

परवा तुम्ही दोघं लग्नाला अक्कलकुव्याला गेलात. सकाळी मी काही मनात न धरता कॉम्प्युटर लावला आणि चित्र आलं. लख्ख. दोन्ही पट्ट्या वर. वायरीला हात लावायला घरात कुणी नव्हतंच, म्हणजे झालं ना सिद्ध? मला आनंद झाला, तुम्ही सापडलात याचा. काल सकाळी तुम्ही परत होतात, पडदा पुन्हा काळा होता आणि मी तयारच होते. आमच्या गच्चीवर धुण्याचा टब पालथा घालून त्यावर उभी राहिले आणि भिंतीवरून तुमच्या बाजूला बघितलं.

तुमचा हात वायरीवर नव्हता. तुम्ही गच्चीवरही नव्हतात. छत्रीच्या खांबाला नायलॉनची दोरी बांधलेली होती, दुसरं टोक जिन्याच्या कडीला, आणि दोरीवर ओली गोधडी, दोन चादरी, भाऊंचं धोतर. छत्री मान खाली घालून उभी होती, रागावलेल्या पोरासारखी. मी तिथेच उभी राहून बघत राहिले. ऊन चढलं, गोधडी वाळत गेली, आणि छत्रीची मान हळूहळू वर आली.

जुनी धुण्याची दोरी भिंतीमुळे माझ्याकडे राहिली. तुम्हाला कपडे वाळत घालायला दुसरा खांब मिळाला नाही. मागितली असती तर दोरी काढून दिली असती. किंवा नसती दिली, खरं सांगायचं तर. पण मागायचं तरी. उन्हातान्हात ज्या छत्रीखाली आपण दोघी पापड घातले, तिलाच ओल्या गोधडीने ओढायचं, आणि वर स्वतःचा टीव्ही बंद पडला की माझ्या नावाने चुडामणजवळ बोटं मोडायची, हे तुम्हीच करू जाणे. तुमच्या हे लक्षात आलं नाही यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच जास्त राग येतो. वायर उपटली असती तर निदान काही मनात धरून केलं असं म्हटलं असतं.

कालपासून आणखी बिघडलंय. रोजच्या ओढण्याने खांबाचा नट ढिला झाला असणार. काल कपडे वाळले तरी छत्री पूर्ण वर आली नाही, आज दुपारीही खालची पट्टी विशीतच आहे. म्हणजे नुसती दोरी सोडून भागणार नाही. छत्री हाताने फिरवून, आकडा बघून, पुन्हा घट्ट करावी लागेल. आणि ते काम एकट्याचं नाही. वर एक जण फिरवायला, खाली एक जण आकडा सांगायला. वरच्याला पडदा दिसत नाही, खालच्याचा हात पोचत नाही.

ही छत्री पहिल्यांदा बसवली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. भाऊ वर गच्चीवर, मी खाली टीव्हीसमोर आणि तुम्ही जिन्यावर मधे. कारण मी धाकटी सून. जेठासमोर लाज काढायची, म्हणजे पदर नाकापर्यंत आणि तोंड बंद. लग्न होऊन आले तेव्हापासून मी भाऊंशी एक शब्द बोललेली नाही आणि त्यांनी माझ्याशी. काही सांगायचं तर तुम्हाला सांगायचं, तुम्ही त्यांना सांगायच्या. मीठ संपलं इथपासून ताप आलाय इथपर्यंत. तेव्हा मी टीव्हीवरचा आकडा वाचून हळूच ‘बावीस’ म्हणायची आणि तुम्ही वर तोंड करून ओरडायच्या, ‘तीस व्हयना, तीस!’ मी म्हटलं, बाई, बावीसच आहे. तुम्ही हसून माझ्या पदराला झटका दिलात: ‘राहू दे वं. उन्हात उभे शेतस. चांगलं सांगं का मानूस शांत ऱ्हास.’ भाऊंनी तिशीच्या हिशेबाने पाना आवळला आणि खाली आले. त्यानंतर कितीतरी वर्षं ढग आला की आपल्या टीव्हीचं चित्र फुटायचं आणि भाऊ कंपनीला शिव्या द्यायचे. आपण दोघी चुलीमागे तोंडात पदर घालून हसायचो. मीही हसायचे. तेव्हा ते मला गोडच वाटायचं. वाटायचं, ही बाई मधे आहे म्हणून या घरात भांडी वाजत नाहीत.

मग रतिलालभाई भूमीला मागणी घालायला आले. तापीपलीकडची केळीची जमीन, मुलगा चांगला, घर चांगलं, मी कुठे नाही म्हणते. ते गेल्यावर भाऊंनी ओसरीवरून तुम्हाला विचारलं की अमृत आणि त्याची बायको काय म्हणतात. हे नेहमीसारखे खाली मान घालून बसले. मोठ्या भावासमोर यांची जीभ टाळूला चिकटते, ते मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच समजून चुकले. मी पीठ मळत होते. मी तुम्हाला म्हटलं, ‘बाई, त्यांना सांगा, नाही. पोरीला खेळायचंय. आत्ता नाही.’ माझे शब्द मला पक्के आठवतात, कारण त्या घरात मी ‘नाही’ पहिल्यांदाच म्हणत होते. तुम्ही हात पुसून बाहेर गेलात. थोड्या वेळाने परत आलात आणि म्हणालात, सांगितलं.

काय सांगितलंत ते मला सोयरिकीच्या नारळाच्या दिवशी कळलं. पाहुणे ओसरीवर, तुम्ही साखरेचं ताट घेऊन माझ्याशेजारी, आणि मी घाबरून विचारलं की हे सगळं कसं काय ठरलं. तुम्ही कानात म्हणालात, ‘मी म्हनं विचार करीसन सांगस. एकदम नाही कसं सांगू? ते तापतस.’ माझा बावीस तुम्ही तीस करून पोचवला होता. भाऊंनी विचाराचा अर्थ होकार घेतला, आणि त्यात त्यांची काय चूक? या घरात धाकट्या सुनेचा विचार म्हणजे होकारच असतो. तेवढ्यात रतिलालभाईंच्या बहिणीने आतल्या बायकांना सांगितलं की लग्नानंतर ते अर्ध्या चड्डीतलं पळणं चालायचं नाही, फोटोसुद्धा भिंतीवरून काढून टाका. भूमी दाराआड उभी होती. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे नाही बघितलं प्रमिलाबाई, तुमच्याकडे बघितलं. तिला वाटलं मोठी आई काहीतरी बोलेल.

तुम्ही ताट सरळ धरून उभ्या राहिलात. मग मी पदर ओढून ओसरीवर गेले, नारळ उचलला आणि आत येऊन त्या बाईंच्या ओटीत परत ठेवला. तेव्हाही मी बोलले नाही. पण गाव आजतागायत त्याचीच गोष्ट सांगतं. भाऊंचा आवाज अजून कानात आहे: ‘पहिले हा म्हनी, आते नारय परत करी ऱ्हायनी! मन्हा शब्दनी काय किंमत?’ तेव्हा तरी, त्या क्षणी तरी, तुम्ही म्हणायला हवं होतं की ती हो म्हणालीच नव्हती, तिने पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं, मी ते सांगितलं नाही. एवढं एक वाक्य. तुम्ही ते तेव्हा बोलला नाहीत, नंतर बोलला नाहीत, भूमी कॅम्पला गेल्यावर भिंत चढत होती तेव्हा गवंड्यांना चहा देत होतात पण बोलला नाहीत. भाऊ रोज संध्याकाळी आमच्या ओसरीपर्यंत येतात, उंबऱ्याबाहेरूनच ‘माय, जेवनी का?’ विचारतात आणि परत जातात. आत पाऊल ठेवत नाहीत, कारण आत मी आहे, शब्द फिरवणारी. मी दाराआड उभी असते, पदर ओढून. त्यांना आणि मला एकाच माणसाने फसवलं आणि ते माणूस त्याच वेळी पलीकडे भाकऱ्या थापत असतं.

हे सगळं लिहून मला काही हलकं वाटत नाहीये. तुम्ही क्षमा मागायला येऊ नका, मला ती नको आहे. काम सांगते ते करा. उद्या सकाळी धुणं घालू नका. खांबावरची दोरी सोडा. तुमची जुनी दोरी मी भिंतीवर टाकून ठेवली आहे, तिचं एक टोक माझ्याकडच्या खिळ्याला राहील, दुसरं तुमच्या कडीला बांधा, छत्रीला नको. भाऊंना पाना घेऊन वर पाठवा. कशासाठी विचारलं तर आईला भूमीची मॅच बघायची आहे एवढं सांगा, ते येतील. माझ्यासाठी येणार नाहीत, पण सासूबाईंसाठी येतील, एवढं त्यांना मी ओळखते. आणि तुम्ही जिन्यावर उभ्या राहू नका. कॉम्प्युटर मी खिडकीशी ओढून ठेवला आहे, खिडकी गच्चीच्या बरोबर खाली येते. आकडा मी सांगणार. मोठ्याने, सरळ त्यांना. डोक्यावर पदर असेल, त्यांचं नाव घेणार नाही, पण आवाज माझा असेल. बावीस आला तर बावीस म्हणेन, दोनच आला तर दोन म्हणेन, त्यांना ऊन लागो नाहीतर राग येवो. ज्या दिवशी ते मला खालून ‘अजून नाही’ म्हणताना ऐकतील, त्या दिवशी त्यांना एवढं तरी कळेल की मला नाही म्हणता येतं. नारळाचं पुढे काय समजायचं ते त्यांचं ते समजतील, किंवा तुम्ही सांगाल. ते तुमच्यावर.

छत्री बसली की तुमचाही टीव्ही लागेल. म्हणजे बुधवारी तुम्हाला आमच्याकडे यायची गरज नाही. सासूबाईंची खाट भिंतीला लागून आहे, त्या ओरडल्या तर तुम्हाला ऐकू येईलच.

खरं तर हे पत्र मी लिहिणार नव्हते. चित्र नाही तर नाही, सासूबाईंना मी तोंडी सांगितलं असतं कोण पळतंय ते, असं ठरवून टाकलं होतं. पण आज सकाळी शिडीवर असताना भूमीचा फोन आला. भिंतीचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. खेळून घेऊ दे, मग सांगू, असं यांनी आणि मी ठरवलंय. तिने माझी खुशाली विचारली नाही, आजीचीही नाही. म्हणाली, ‘मम्मी, मोठ्या आईचा टीव्ही चालू आहे ना? तिला सांग, केस तिने शिकवले तसे बांधलेत, दोन वेण्या वर घेऊन. सूर मारला तरी सुटत नाहीत. तिला सांग, मी खांबाशी आले की नीट बघ.’ मी शिडीवर उभी होते, टबावर चढून बघावी तशी तुमची अख्खी गच्ची समोर दिसत होती. दोरी, गोधडी, मान खाली घातलेली छत्री. मी म्हटलं, हो गं, चालू आहे, आम्ही सगळे मिळून बघणार आहोत. एकदम नाही कसं सांगणार होते?

आता ते खरं करायला वर कुणीतरी लागेल. पत्र भिंतीवरून हात लांबवून तुमच्या दोरीवरच चिमट्याने लावते आहे, गोधडी काढाल तेव्हा मिळेल. भाऊंना बारा नंबरचा पाना घ्या म्हणावं, तेरा घसरतो.

न बोलता, पण अजून तरी तुमचीच धाकटी,
प्रतिभा